हजेरीपटातून नाहीशी झालेली नावे

जून महिना आला की महाविद्यालयांतून नवे हजेरीपट तयार होतात. विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशा क्रमाने ऐंशी-नव्वद नावे पहिल्या दिवशी मोठ्याने वाचावयाची आणि ‘हजर’ हा शब्द तितक्याच वेळा ऐकावयाचा, हा अध्यापकाच्या व्यवसायातील सर्वांत कंटाळवाणा भाग समजला जातो. प्रस्तुत लेखकाचे मतही वीस वर्षे तेच होते. परंतु मध्यंतरी कपाट आवरताना नोकरीच्या पहिल्या वर्षाची एक जुनी हजेरीवही हाती लागली. ती सहज नव्या वहीशेजारी ठेवून पाहिली आणि एक गोष्ट ध्यानात आली. जुन्या वहीत मधल्या रकान्यात, म्हणजे वडिलांच्या नावाच्या जागी, दगडू, धोंडू, केरू, भिकाजी अशी नावे ठिकठिकाणी होती. एक उकिर्डाही होता. नव्या वहीत त्यांपैकी एकही नाव नाही.

वाचकांपैकी पुष्कळांना या नावांचा इतिहास सांगावयास नको. ज्या घरात आधीची मुले हाती लागली नाहीत, त्या घरात पुढे जन्मलेल्या मुलाला मुद्दाम टाकाऊ वस्तूचे नाव देण्याची आपल्याकडे चाल होती. दगड-धोंड्याकडे, केराकडे कोणाची दृष्ट वळत नाही. मृत्यूही त्याकडे पाहणार नाही आणि पुढे निघून जाईल, ही त्यामागील भाबडी युक्ती. कोठे कोठे मूल उकिरड्यावर क्षणभर ठेवून पुन्हा उचलून आणीत. कोठे शेजारणीला पसाभर धान्याच्या मोलाने ‘विकून’ परत घेत. आज या नावांना आपण हसतो. विनोदी लेखकांनी आणि नाटककारांनी तर त्यांचा यथेच्छ उपयोग करून घेतला आहे. पण प्रत्येक दगडूच्या मागे त्याच्या आधी गेलेली एक-दोन तरी भावंडे असत, आणि त्याला हाक मारताना आईला दर वेळी त्यांची आठवण होत असली पाहिजे.

ही नावे केवळ फॅशन बदलली म्हणून गेली, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य नाही असे नाही. चित्रपटांनी आणि दूरचित्रवाणीने खेड्यापाड्यांतील बारशांची यादी बदलून टाकली, हे खरेच आहे. तथापि फॅशनमुळे बदलली ती गणपत, तुकाराम, पांडुरंग ही नावे. आणि तीही अधूनमधून पुन्हा डोके वर काढतातच. दगडू आणि केरू यांची गोष्ट निराळी आहे. त्या नावांना एक कारण होते. ते कारण उरले नाही.

झाली आणि राहिली

लेखकाच्या आजीला मुले किती, असे कोणी विचारले तर ती एका आकड्यात उत्तर देत नसे. ‘सात झाली, चार राहिली,’ असे ती सांगे. तिच्या पिढीच्या जवळजवळ सर्वच बायका याच पद्धतीने बोलत. ‘झाली’ आणि ‘राहिली’ ही दोन क्रियापदे इतकी स्वाभाविकपणे शेजारी शेजारी येत की लहानपणी त्यांत काही वावगे आहे, असे कधी वाटलेच नाही. पुढे अर्थशास्त्राचा अभ्यास करताना जनगणनेच्या तक्त्यांत ‘एकूण जन्मलेली अपत्ये’ आणि ‘हयात अपत्ये’ असे दोन रकाने दिसले, तेव्हा आजीची ती वाक्ये आठवली. जनगणना खात्याला जे दोन रकाने आखावे लागले, ते तिच्या बोलण्यात आधीपासूनच होते.

आजच्या आया असे बोलत नाहीत. ‘मला दोन मुले आहेत’ एवढेच त्या म्हणतात. त्या एका क्रियापदाच्या जाण्यात किती मोठी घटना सामावलेली आहे, हे आकड्यांवरून कळेल. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार अर्भकांपैकी १२९ आपला पहिला वाढदिवस पाहत नव्हती. २०२० सालच्या नमुना नोंदणीनुसार हा आकडा २८ आहे, आणि महाराष्ट्रात १६. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. (बत्तीस म्हणजे त्या काळी सगळे बत्तिसाव्या वर्षी मरत, असे विद्यार्थी हटकून लिहितात. तसे नव्हे. पाळण्यातील मृत्यूंनी ती सरासरी खाली ओढलेली होती.)

आजीची जी तीन राहिली नाहीत, त्यांपैकी एक देवीने गेले. एक जन्मल्यानंतर आठवड्यातच गेले. कशाने, ते तिला कोणी सांगितले नाही. तिसरी मुलगी दीड वर्षाची होऊन, चालायला लागून, हगवणीने गेली. या मुलीविषयी आजी क्वचितच बोले. एकदा बोलली तेव्हा म्हणाली, ‘पाणी पाणी करत होती, पण पाणी दिलं तर आणखी होईल म्हणून आम्ही दिलं नाही.’

आजीच्या अडाणीपणाचा हा दाखला नव्हे. हगवण लागलेल्या मुलाचे पाणी तोडावे, हा समज त्या काळी सर्वदूर पसरलेला होता. त्या दिवशी घरात पाणी होते. मीठ होते, गूळ होता. ते विशिष्ट प्रमाणात एकत्र करून चमच्याचमच्याने पाजले तर मूल वाचण्याचा पुष्कळ संभव आहे, एवढे एक वाक्य मात्र त्या घरात नव्हते. ते तेव्हा जगातल्या कोणत्याच घरात नव्हते. आतड्यात साखर असेल तर तिच्याबरोबर मीठ आणि पाणीही शोषले जाते, ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या नीट ध्यानात आली ती १९६० नंतरच्या दशकात. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले. तेव्हा दिलीप महलानबीस या डॉक्टरांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून ते रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या आत आले. महलानबीस २०२२ साली निवर्तले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. त्या सकाळी वर्गात किती जणांना हे नाव माहीत आहे म्हणून विचारले. एकही हात वर झाला नाही. अध्यापकांच्या खोलीतही फारसे निराळे चित्र नव्हते, हे सांगितले पाहिजे.

स्वयंपाकघरातील मिठाची बरणी आणि साखरेचा डबा आपण दिवसातून चार वेळा उघडतो. त्या दोन डब्यांच्या मधल्या वीतभर जागेत गेल्या शतकातील एक अत्यंत मोठा शोध बसलेला आहे, याचे आश्चर्य वाटावयास हवे. ते वाटत नाही, याचे कारण तो शोध यशस्वी झाला. जे संकट टळते त्याचे स्मरण राहत नाही.

दंडावरील खूण

देवीच्या बाबतीत हे विस्मरण याहूनही पूर्ण आहे. पन्नाशीच्या पुढे गेलेल्या बहुतेकांच्या दंडावर किंवा हातावर नाण्याएवढी एक वाटोळी खूण असते. लेखकाच्या आईच्या दंडावर ती आहे. लहानपणी तिच्या मांडीवर डोके ठेवून त्या खुणेवरून बोट फिरविल्याचे आठवते. लेखकाच्या स्वतःच्या दंडावर आहे ती क्षयाच्या लशीची बारीक खूण, देवीची नाही. १९७५ च्या मे महिन्यानंतर या देशात देवीचा रुग्ण आढळला नाही, १९७७ साली देश देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने सारे जगच या रोगातून मुक्त झाल्याची घोषणा केली. त्यानंतर जन्मलेल्यांना ती टोचून घेण्याचे कारणच उरले नाही. एकाच घरातील आई आणि मुलगा यांच्या दोन दंडांमधून मानवजातीच्या इतिहासातील एक सीमारेषा गेलेली आहे, आणि आपण त्या घरात बसून चहा पीत असतो.

हिंदुस्थानात या लशीची सुरुवात मुंबईत झाली. १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला पहिली लस टोचण्यात आली. लस बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने आली होती. ती टिकवून ठेवण्याचे दुसरे साधन नसल्याने एकाच्या दंडावर उठलेल्या फोडातील द्रव घेऊन दुसऱ्याच्या दंडावर टोचीत, आणि अशा रीतीने ती दंडावरून दंडावर प्रवास करीत पुण्याला आणि पुढे देशभर गेली. त्यानंतर पावणेदोनशे वर्षे लागली. १९७४ सालीदेखील देशात दीड लाखाहून अधिक लोकांना देवी आल्याची नोंद आहे. बिहारमध्ये तर हाहाकार होता. यानंतर अवघ्या वर्षभरात हा रोग नष्ट व्हावा, हे आजही कादंबरीतल्यासारखे वाटते. पण त्यात अद्भुत असे काहीच नव्हते. लाखाहून अधिक कर्मचारी हातात देवी आलेल्या मुलाच्या चित्राचे कार्ड घेऊन घरोघर हिंडले. ‘असे कोणी आहे का?’ एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. रुग्ण सापडला की त्याच्याभोवतालच्या सर्वांना टोचले. रोग्याची बातमी आणून देणाऱ्यास आधी पन्नास, मग शंभर आणि शेवटी हजार रुपयांचे बक्षीस लावले. रोग जसजसा दुर्मीळ झाला तसतसा त्याच्या बातमीचा भाव चढत गेला. अर्थशास्त्राच्या अध्यापकास याहून चांगले उदाहरण कोठे मिळावे?

१९६७ नंतरच्या या जागतिक मोहिमेचा एकूण खर्च सुमारे तीस कोटी डॉलर झाला, आणि त्यामुळे दर वर्षी शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम वाचते, असा अंदाज त्या वेळी करण्यात आला होता. इतका फायद्याचा व्यवहार जगातील कोणत्याही पेढीने केला नसेल. तरीही राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात त्याला जागा नाही. मूल आजारी पडले तर डॉक्टरांची फी, औषधाची किंमत आणि रुग्णालयाचे बिल ही सारी उत्पन्नात धरली जातात. मूल आजारी पडलेच नाही, अंगणात खेळत राहिले, तर त्या दिवसाची किंमत आमचे शास्त्र शून्य धरते. विद्यार्थ्यांना हे शिकविताना आता थोडी लाज वाटू लागली आहे.

‘पण जगून करायचे काय?’

हे सारे वर्गात सांगत असताना मागच्या बाकावरील एका मुलाने प्रश्न विचारला. तो स्पर्धा-परीक्षेची तयारी करतो. काही शे जागांसाठी काही लाख अर्ज येतात, त्या लाखांतला तो एक. धाकट्या भावाचेही तेच चालले आहे. वडील कोरडवाहू शेती करतात. तो म्हणाला, ‘सर, पूर्वी मुलं जगत नव्हती, आता जगतात, हे कळलं. पण जगून करायचं काय?’

वर्ग हसला नाही. तासिका संपेपर्यंत लेखकाजवळही उत्तर नव्हते, आणि ज्यांच्याजवळ अशा प्रश्नाचे तयार उत्तर असते त्यांच्याविषयी संशय बाळगावा, असे वाटते. ‘हा प्रश्न तुला पडतो याचाच अर्थ तुझे जगणे गृहीत धरले गेले आहे,’ असे म्हणता आले असते. ते तर्काला धरून आहे. पण ते त्या मुलाच्या तोंडावर म्हणणे बरे नव्हे.

शिवाय त्याच्या बाजूने बोलणारा पुरावा थोडा नाही. याच महाराष्ट्रात मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्या तीन दशकांहून अधिक काळ येत आहेत. अशुभ नावांची चाल मोडली, असे आपण वर म्हटले. पण २०११ साली सातारा जिल्ह्यात ‘नकोशी’ या नावाच्या दोनशेहून अधिक मुली आढळल्या आणि त्यांचे समारंभपूर्वक नामांतर करावे लागले. दगडूचे आईबाप मृत्यूला फसवीत होते; नकोशीचे आईबाप कोणाला फसवीत होते? २००१ च्या जनगणनेत राज्यातील सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये ८९४ राहिल्या. विज्ञान पुढे गेले, यंत्रे आली, आणि त्या यंत्रांचा असाही उपयोग झाला. आणि २०२१ नंतरच्या हजेरीपटांसाठी जे प्रवेश अर्ज आले, त्यांत वडिलांच्या नावाआधी ‘कै.’ लिहिलेले अर्ज नेहमीपेक्षा अधिक होते, हेही लेखक विसरलेला नाही. साथ म्हणजे काय, हे आपल्या पिढीला पुस्तकातून शिकण्याची गरज उरली नाही.

तेव्हा ‘सर्व काही उत्तम चालले आहे’ असे सांगून त्या मुलाची समजूत घालण्याचा येथे उद्देश नाही. आश्चर्य आणि समाधान या दोन निराळ्या वृत्ती आहेत. आपल्याकडे मात्र त्यांची गल्लत फार होते. सकाळी उठून नळाला आलेल्या पाण्याकडे कृतज्ञतेने पाहावे, असा उपदेश करणारे बहुधा ते असतात ज्यांच्या नळाला पाणी येते.

परंतु त्या प्रश्नातील एका गोष्टीकडे पुन्हा पुन्हा लक्ष जाते. त्या मुलाच्या बोलण्यात बेकारीविषयी जो स्वर होता, तोच स्वर आजीच्या बोलण्यात देवीविषयी होता. ‘आली, नेलं, काय करणार?’ या रोगाला आपण नावच देवी असे दिले होते. तिच्यापुढे हात जोडावयाचे, कडुनिंबाचा पाला रोग्याभोवती ठेवावयाचा, आणि ती ज्याला नेईल त्याला नेऊ द्यावयाचे. हजारो वर्षे शहाण्यासुरत्या माणसांनी ही गोष्ट नशिबाच्या खात्यात मांडलेली होती. मग कोणीतरी ती हिशेबाच्या खात्यात घेतली. रुग्ण किती, कोठे, कोणत्या घरात, शेजारी कोण, एवढे प्रश्न विचारले. घरोघर हिंडलेल्या त्या कर्मचाऱ्यांपैकी एकाचेही नाव आज कोणास ठाऊक नाही.

बेकारी, कोरडवाहू शेतीचा तोटा, परीक्षांचे हे अंतहीन चक्र, या गोष्टी आज नशिबाच्या खात्यात आहेत. त्या तेथेच राहतील, असे मानण्यास आधार काय? त्या सुटतीलच असे अर्थशास्त्र सांगू शकत नाही. रोग आणि रोजगार यांचे नियम एक नव्हेत, आणि रोजगारावर एखादी लस नाही. पण ‘हे असेच चालायचे’ हे विधान याआधी निदान दोन वेळा खोटे ठरले आहे, आणि तेही याच देशात. देवीच्या वेळी ठरले. पोलिओच्या वेळीही ठरले. भारतातील अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. वर्गातील प्रत्येक मुलाच्या डाव्या करंगळीवर लहानपणी कधीतरी पोलिओ डोसाची काळी शाई लागलेली आहे. ती शाई लावणारी बाई कोण होती, हे कोणी विचारले नाही. बहुधा ती अंगणवाडीची सेविका असेल. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बालकांची देखभाल शिकविली, तेव्हा त्या गावांतील नवजातांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले; १९९९ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढे देशाच्या धोरणात आले. आज हे काम गावोगाव आशा सेविका करतात. त्यांना वेतन नसते, मानधन असते. आणि त्या मानधनासाठीही त्यांना अधूनमधून मोर्चे काढावे लागतात. मोर्चामुळे रस्ता अडला की आपण बसमध्ये बसून चडफडतो. लेखकही चडफडलेला आहे.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. आजीला सात मुले झाली, कारण त्यांतली किती राहतील याची शाश्वती नव्हती. मुले जगू लागली तेव्हा हळूहळू घराघरांतून ती कमी झाली, आणि जी होती त्यांच्यावर खर्च करण्याचे धैर्य आईबापांना आले. मुलीला पंधरा-सोळा वर्षे शिकवावयाचे, एस. टी.चा पास काढून तिला रोज तालुक्याच्या गावी पाठवावयाचे, म्हणजे ती तोवर आणि त्यापुढे चाळीस वर्षे जगणार हे गृहीत धरावयाचे. हे गृहीत आजीच्या आईला धरता येत नव्हते. आमच्या वर्गात पुढच्या चार रांगा मुलींच्या असतात. त्या रांगा हीच त्या गृहीताची आजची नोंद आहे, असे लेखक आता मानू लागला आहे.

त्या मुलाला दुसऱ्या दिवशी एवढेच सांगितले की, तुझ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नाही. पण तुझ्या आजीला एक प्रश्न विचारून ये. मग सगळ्या वर्गालाच तो घातला. घरात आजी किंवा आजीच्या वयाचे कोणी असेल तर तिला विचारावयाचे, किती झाली आणि किती राहिली; जी राहिली नाहीत ती कशाने गेली; आणि आज ते मूल असते तर कोणत्या उपायाने वाचले असते, ते आपण शोधून एका पानात लिहावयाचे. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात हे बसत नाही आणि याला गुणही नाहीत, हे आधीच सांगून टाकले होते.

वह्या मात्र वेळेवर आल्या. गुण असलेल्या टिपणांच्या बाबतीत असे घडल्याचे आठवत नाही. काही पाने कोरी होती. आजी हयात नव्हती, किंवा तिने सांगितले नाही. एका मुलीने लिहिले होते की, आजीने आधी हा विषय काढू नकोस म्हणून तिला हाकलून दिले आणि रात्री उठवून सर्व सांगितले. पुष्कळ पानांवर धनुर्वात होता, गोवर होता, हगवण तर जवळजवळ प्रत्येक पानावर होती. मागच्या बाकावरील मुलाने सर्वांत थोडके लिहिले होते. ‘नऊ झाली, पाच राहिली. त्या पाचांतले चौथे माझे वडील. त्यांचे खरे नाव धोंडू आहे. शाळेत घालताना मास्तरांनी बदलले. हे मला माहीत नव्हते.’

हजेरीपटात त्यांचे नाव दिनकर असे आहे.